तंबू ठोकण्यापूर्वी

नाताळची सुटी जवळ आली की आमच्या दाराशी तरुणांची वर्दळ सुरू होते. "फादर, यंदाचे शिबिर रानात नेऊ या," असा त्यांचा आग्रह असतो. रान कोणाचे, असे विचारले असता ठराविक उत्तर मिळते, "सरकारचेच की!" सरकारचे म्हणजे सर्वांचे, हे खरे, परंतु सर्वांचे म्हणजे कोणीही, केव्हाही, कसेही वापरावे असे नव्हे.

हा धडा आम्हांस अनुभवाने मिळाला. काही वर्षांपूर्वी खानापूरच्या पुढे आम्ही मुलांना घेऊन रानात उतरलो. दिवेलागणीस वनरक्षकाने तंबू काढावयास लावले. काळोखात सडक गाठीपर्यंत मुले एक शब्द बोलली नाहीत. दोष त्याचा नव्हता. परवानगी न काढणाऱ्या आमचा होता.

तेव्हापासून आम्ही प्रथम जमीन कोणती, हे पाहतो. खानापूर तालुक्यातील भीमगड, तसेच गोव्यातील मोले, म्हादई व खोतीगाव ही अभयारण्ये होत. तेथे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये बाहेरच्या माणसास परवान्यावाचून मुक्काम करता येत नाही. राखीव वनास त्या त्या राज्यात लागू असलेला वन कायदा लागतो; तेथेही विनापरवाना शिरणे व आग पेटविणे गुन्हा ठरतो. म्हणून निदान महिनाभर आधी परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. माणसे किती, रात्री किती, जबाबदार वडीलधारे कोण, हे त्यात स्पष्ट लिहावे. गायरानात उतरावयाचे असल्यास आधी पंचायतीस विचारावे.

मग नकाशा पाहावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. ओढे, पायवाटा, चढउतार त्यावर दिसतात. मात्र नकाशातील ओढा डिसेंबरात वाहता असेलच असे नाही. ते गावकऱ्यांस विचारावे. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोजचे चार लिटर पाणी धरावे. तंबू पाणवठ्यालगत ठोकू नये, कारण रात्री गवे व अन्य श्वापदे तेथे येतात.

पालकहो, आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. 1957 साली शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला माकडताप 2015 साली गोव्याच्या सत्तरीतही पोहोचला. तो गोचिडांमार्फत पसरतो आणि कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमक्या शिबिराच्या दिवसांत, बळावतो. अंगभर कपडे घालावेत, पालापाचोळ्यावर बसू नये, सायंकाळी अंग तपासावे. मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे. परतल्यावर ताप आला तर रानात गेल्याचे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

शेकोटीचा मोह आम्ही सोडला आहे. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात अनेक ठिकाणी पेटलेले वणवे वाचकांस आठवत असतील. आम्ही भाकरी, चटणी व दशम्या घरूनच बांधून नेतो. कचराही परत आणतो.

त्या फजितीनंतरच्या वर्षी आम्ही रीतसर परवाना घेऊन गेलो. तोच वनरक्षक भेटला. त्याने कागद पाहिला, हसला आणि मुलांना स्वतः झऱ्यापर्यंत नेले. वाटेत गव्याचे खूर कसे ओळखावेत, हेही त्याने दाखविले. यंदा शिबिर ठरले, तेव्हा अर्ज लिहावयास मुलेच आधी बसली.