‘टू’ म्हणजे ‘ला’ नव्हे

‘आय रीच्ड टू यवतमाळ’ हे वाक्य निष्काळजीपणातून येत नाही. ‘यवतमाळला’मधला ‘ला’ मूल इमानेइतबारे ‘टू’ करून नेतं. ‘सरांना विचारलं’चं ‘आस्क्ड टू सर’ होतं, ‘तिच्याशी लग्न’चं ‘मॅरीड विथ हर’. इंग्रजीत मात्र रीच आणि आस्क थेट कर्म घेतात, आणि मॅरीडलाच ‘टू’ लागतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या गोरमाटी, गोंडी आणि कोलामीतही संबंध दाखवणारा प्रत्यय नामानंतरच येतो; गोंडी-कोलामी तर द्राविडी कुळातल्या. म्हणजे घरची बोली कोणतीही असो, अडचण तीच. राज्यात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून आहे, पण ‘टू म्हणजे ला’ ही घोकंपट्टी चूकच पक्की करते. क्रियापद त्याच्या जोडीदारासकट शिकवावं: ‘लिसन टू’, ‘डिपेंड ऑन’, आणि ‘डिस्कस’ एकटंच.

‘डिस्कस अबाउट’ तर भारतभर चालतं, समोरच्याला कळतंही, मग एवढा अट्टहास कशाला? बोलण्यापुरता हा आक्षेप रास्त आहे (तिथे टोकणारे मास्तर मुलांची जीभच बांधतात). परीक्षेत मात्र गुण जातात, आणि काही ठिकाणी अर्थही. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणं, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. नोकरीच्या अर्जात ही अदलाबदल झाली, तर वाचणाऱ्याने अंदाज तरी कशाचा बांधायचा?