उशीवरून मान उचलते का?

कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण आला की डॉक्टर आजही आधी पापणी वर करून टॉर्च मारतात. टाचणीच्या टोकाएवढी बाहुली, गळणारी लाळ, छातीतली घरघर, कातडीखाली फडफडणारे स्नायू. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या कुळाची ही ओळख जुनीच. दाराशी उभ्या नातेवाइकांचा प्रश्न मात्र वेगळा असतो: वाचेल ना? त्याचं उत्तर शोधायला गेली चाळीस वर्षं लागली आहेत, आणि त्यातला मोठा वाटा श्रीलंकेचा आहे.

१९८७ साली सेनानायके आणि करालियड्डे यांनी तिथल्या १० रुग्णांची हकिकत मांडली. पहिला जोर ओसरलेला, रुग्ण शुद्धीवर; आणि एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायूच हार मानतात. याची चाहूल साध्या गोष्टीत लागते: रुग्णाला उशीवरून मान उचलता येईनाशी होते.

१९९३ मध्ये विषबाधा किती गंभीर हे मोजणारी, श्रीलंकेतल्याच पेरादेनियाची मोजपट्टी आली. बाहुली, श्वास, नाडी, स्नायूंची फडफड आणि शुद्ध यांना प्रत्येकी ० ते २ गुण, झटके आले तर आणखी एक. बेरीज ३ पर्यंत सौम्य, ७ पर्यंत मध्यम, त्यापुढे गंभीर. ना यंत्र लागे, ना प्रयोगशाळा. तालुक्याच्या दवाखान्यातही जमावं असं.

पण बेरीज त्या घटकेपुरती. २००५ मध्ये ८०२ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट आणि फेन्थिऑन एकाच कुळातली असली तरी तिघांची चाल निरनिराळी. शुद्ध मोजणारा ग्लासगोचा आकडा १३ च्या खाली गेला की धोका, हे २००८ मध्ये कळलं. त्याच वेळी हेही, की फेन्थिऑनचा रुग्ण सुरुवातीला शुद्धीवर असला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. म्हणून 'बाटली घेऊन या' हे वाक्य उपचाराचाच भाग झालं. औषधांचा कस लावतानाही हाच पेच येतो. प्रॅलिडॉक्झिम हा उतारा सतत ठिबकत दिल्याने बारामतीच्या २०० रुग्णांत २००६ साली फायदा दिसला. २००९ च्या श्रीलंकेतल्या चाचणीत दिसला नाही. विष कोणतं, रुग्ण आला तेव्हा किती खालावलेला, हे धरल्याशिवाय असे निकाल शेजारी ठेवता येत नाहीत.

मग २०१७ चं यवतमाळ. कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक जणांचा जीव गेला. इथे कुणी काही प्यायलं नव्हतं. विष कातडीतून आणि श्वासातून गेलं, तेही अनेकदा दोन-तीन कीटकनाशकं एकत्र करून. मोजपट्ट्या घडल्या त्या बहुतेक विष पिणाऱ्यांवरून. इथे बाटली मागून भागत नाही. पंपात काय काय कालवलं होतं, हे विचारावं लागतं. आणि मग दोन-चार दिवस, मान उचलते का ते पाहत राहावं लागतं.