लाइफ कोचची फी भरण्याआधी हे चार प्रश्न सोडवा

धंदा सुरू करायचाय, पण आतून भीती वाटते. अशा वेळी ‘तुमचं अंतर्मन जागं करतो’ म्हणणारा कोणी भेटतो आणि भांडवलातले पैसे त्याच्या फीमध्ये जातात. जरा थांबा.

चांगला कोच तयार उत्तरं देत नाही, नेमके प्रश्न विचारतो. सर जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ सालच्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ या पुस्तकामुळे गाजलेली ‘ग्रो’ पद्धत बघा:

१. ध्येय: मला नक्की काय हवंय?
२. वास्तव: आज मी कुठे आहे?
३. पर्याय: काय काय करता येईल?
४. निर्धार: मी काय करणार, कधी?

समजा, मसाल्याचा धंदा आहे. ध्येय महिन्याला ५० किलो. आज ओळखीत १० किलो जातो. पर्याय: किराणा दुकानं, खानावळी, बचत गटाचं प्रदर्शन. निर्धार: शनिवारपर्यंत ५ दुकानांत नमुने. झाली ना भीतीची कामाची यादी?

तरीही कोच हवाय? भारतात कोच म्हणवून घ्यायला सरकारी परवाना लागत नाही. म्हणून प्रशिक्षण कुठे घेतलं, किती तास अनुभव आहे, हे बिनधास्त विचारा.

आणि मनाची शांती हवी असेल, तर इगतपुरीच्या धम्मगिरीत १० दिवसांच्या विपश्यना शिबिराला फी नाही. शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान.

टाळलेला प्रश्न स्वतःला विचारला, की जागृती तिथूनच सुरू होते. आज रात्री वही काढा. भांडवल धंद्यासाठीच ठेवा!