घसरला पाय, जबाबदारी कुणाची?

ऑफिसात पडलं की पहिला प्रश्न येतो, ‘बघून चालता येत नाही का?’ दुसरा प्रश्न मात्र आपणच विचारायचा असतो.

पावसाळ्यातला सोमवार. पंचिंगला पाच मिनिटं बाकी, एका हातात डबा, दुसऱ्यात छत्री. लॉबीतली फरशी नुकतीच पुसलेली आणि ‘फरशी ओली आहे’ हा पिवळा बोर्ड जिन्याखालच्या कपाटात सुखरूप. मी अगदी हिंदी सिनेमातल्या हिरॉइनसारखी घसरले. फक्त झेलायला कुणी नव्हतं. उजव्या मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर.

चौथ्या दिवशी एचआरमधून फॉर्म आला. ‘अपघाताचं कारण’ या रकान्यात आधीच टाइप केलेलं होतं, ‘कर्मचाऱ्याचा तोल गेल्यामुळे’. ‘‘सही कर गं, फॉर्मॅलिटी आहे.’’ पण सहीचाच हात प्लास्टरमध्ये! त्यामुळे दोन दिवस मिळाले आणि त्या दोन दिवसांत मी चक्क कायदा वाचला.

आपल्याकडे नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून आहे. त्यातल्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गंमत म्हणजे ‘बघून चालली का?’ हा तिथला मुख्य प्रश्नच नाही. प्रश्न असा, की अपघात कामामुळे आणि कामाच्या दरम्यान झाला का? झाला असेल तर मालक जबाबदार.

मालकाला हात झटकता येतात ते मोजक्या वेळी. कर्मचारी दारू किंवा नशेच्या अमलाखाली होता, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने मुद्दाम मोडला, किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढलं आणि त्यामुळेच अपघात झाला, तर. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर या सबबीही चालत नाहीत. घाई, हिल्स, वेंधळेपणा यांचा या यादीत पत्ता नाही. चुकणं वेगळं आणि मुद्दाम मोडणं वेगळं.

अर्थात, लगेच कॉलर ताठ करू नका. दुखापतीमुळे तीन दिवसांपेक्षा जास्त काम बंद राहिलं नाही, तर ही भरपाई मिळत नाही. शिवाय कायद्याला पदांची यादी जोडलेली आहे, तिच्यात आपलं काम बसतं का ते पाहावं लागतं. आणि पगार ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर ईएसआयचं छत्र असतं. २०१७ मध्ये ही मर्यादा महिना २१ हजार रुपये झाली होती. त्यावरच्यांनी कंपनीची ग्रुप अपघात पॉलिसी आहे का, हे प्लास्टर चढण्याआधीच विचारून ठेवावं.

घरून निघालो आणि वाटेतच आपटलो तर? २००३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन पहाटेच्या ड्यूटीला जाताना अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाचा दावा सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये मान्य केला. प्रवासाची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर तो अपघातही कामाचाच, असं कोर्ट म्हणालं. नव्या संहितेतही हे आलंय. पण निकालापर्यंत बावीस वर्षं गेली, हेही विसरू नका.

मला खरा धक्का बसला तो प्लास्टर निघायच्या आठवड्यात. हाउसकीपिंगचे काका पँट्रीत स्टुलावरून पडले, पाय मोडला. अॅडमिनचं उत्तर तयार होतं, ‘‘ते आपले नाहीत, एजन्सीचे आहेत.’’ रोज आपल्याला चहा देणारा माणूस पडल्यावर एका वाक्यात परका! पण ईएसआयमध्ये कंत्राटी माणसाची वर्गणी भरली जाते की नाही, याची जबाबदारी मूळ कंपनीवरही येते. मी काकांना ईएसआयचा नंबर विचारला. त्यांना तो माहीतच नव्हता. दोघांनी मिळून एजन्सीकडे मागितला, तेव्हा तिसऱ्या दिवशी मिळाला. कामावर झालेल्या दुखापतीने घरी बसावं लागलं, तर ईएसआयमधून सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात. काकांच्या घरी त्या महिन्याचा किराणा त्यावरच आला.

मग आपली काहीच जबाबदारी नाही? आहे की! स्वतःची आणि शेजाऱ्याची काळजी घेणं, नियम पाळणं आणि धोका दिसला तर सांगणं हे कर्मचाऱ्याचंही कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलंय. तो बोर्ड कपाटात असतो, हे मला महिनाभर दिसत होतं. मी एक मेल टाकला असता तर?

पडलात तर...

- त्याच दिवशी लेखी कळवा. मेल बेस्ट.
- जागेचा फोटो काढा, पाहणाऱ्यांची नावं लिहून ठेवा.
- डॉक्टरांना ‘कामावर झालं’ असं स्पष्ट सांगा, केसपेपरवर येऊ द्या.
- बिलं जपून ठेवा. दावा साधारण दोन वर्षांच्या आत करायचा असतो.
- जे घडलं नाही, त्यावर सही करू नका.

शेवटी तो रकाना मी डाव्या हाताने खोडला आणि लिहिलं, ‘फरशी ओली होती, बोर्ड नव्हता, मी घाईत होते.’ तिन्ही गोष्टी खऱ्या. अक्षर भयंकर आलं, पण एचआरने वाचलं. बोर्ड आता लॉबीत असतो. आणि हो, पावसाळ्यात मी फ्लोटर्स घालते!