शिकवले घराने, दाखला कोण देणार?

वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, असा ठराव तिथे झाला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले. पुढे सेवाग्रामात या ‘नई तालीम’ पद्धतीने आर्यनायकम दांपत्याच्या देखरेखीखाली मुले सूत कातताना गणित आणि शेतात राबताना विज्ञान शिकू लागली. शिक्षण म्हणून हा प्रयोग किती मोलाचा, यावर वाद घालता येईल. पण उत्तर बुनियादीपर्यंत, म्हणजे या मूळ शिक्षणाच्या पुढच्या टप्प्यापर्यंत, शिकलेली मुले विद्यापीठाच्या दारात उभी राहिली तेव्हा प्रश्न वेगळाच निघाला: यांची मॅट्रिक कुठे आहे? अशा मुलांनाही पुढची वाट मिळावी म्हणून १९५६ मध्ये सरकारला अमरावती, गारगोटी यांसारख्या ठिकाणी ग्रामीण उच्चशिक्षणाच्या वेगळ्या संस्था उभ्या कराव्या लागल्या. आज वर्धा जिल्ह्यातले एखादे कुटुंब मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायचे ठरवते तेव्हा हाच जुना प्रश्न त्याच्यापुढे येतो. फरक इतकाच, की त्याच्यासाठी कोणी नवी संस्था काढणार नाही.

घरशाळेची चर्चा आपल्याकडे बहुधा चुकीच्या जागी अडकते. मूल घरी नीट शिकेल का, त्याला मित्र मिळतील का, यावर तासन्‌तास बोलले जाते. मूल शिकते, ही त्यातली सोपी बाजू आहे. अवघड बाजू ही, की शिकणे आणि शिकल्याचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळा दोन्ही एकदम देते, म्हणून त्यांतला फरक पालकांच्या लक्षात येत नाही. शाळा सोडली की शिकण्याची जबाबदारी घराकडे येते आणि पुराव्याची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही. म्हणून या लेखाचे म्हणणे एवढेच: शिकणे हवे तितके मोकळे ठेवा, पण पुराव्याचे काम मूल तेरा-चौदा वर्षांचे होताच हाती घ्या. सतराव्या वर्षी ते सुरू केले तर उशीर झालेला असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१६ मधले. मुंबईतल्या एका मराठी घरातल्या मुलीने सातवीच्या सुमारास शाळा सोडली आणि संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन वर्षांत दोन रौप्य व एक कांस्य अशी पदके मिळवली. अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने त्याआधीच तिला थेट एम.एस्सी.च्या पातळीवरच्या वर्गात बसवले होते. आयआयटीचे दार मात्र बंद राहिले, कारण बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. ही बातमी तेव्हा घरशाळेचा विजय म्हणून सगळीकडे फिरली. नीट वाचली तर ती इशारा आहे. पदके गळ्यात असलेल्या मुलीचे जिथे अडले, तिथे पदक नसलेल्या हजारांतल्या एकाचे काय होईल? परदेशी विद्यापीठ अपवाद करते. महाराष्ट्रातली प्रवेशप्रक्रिया संगणकावर चालते आणि तिच्या अर्जात बारावीचा बैठक क्रमांक लिहायचा रकाना असतो.

इथे वर्धेकर विनोबांचा दाखला देतात. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याआधी त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली होती. तरी त्यांच्या विद्वत्तेत काय उणे राहिले? काहीच नाही. पण विनोबांना कॉलेजकडून काही नको होते. प्रमाणपत्र जाळण्याचा हक्क ज्याला पुढच्या दारात शिरायचे नाही त्याचा. ज्या मुलाला सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या अभियांत्रिकीत जायचे आहे, त्याच्या वतीने आईवडिलांनी ते परस्पर जाळू नये. डॉ. अभय बंग लहानपणी सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकले. पुढे नागपूरला वैद्यकी शिकताना त्यांनाही सर्वांसारख्याच परीक्षांतून जावे लागले. नई तालीमने त्यांना जे दिले ते त्यामुळे पुसले गेले नाही.

मग पुरावा मिळवायचा कसा? आपल्याकडे दोन मुख्य वाटा आहेत. पहिली राज्य मंडळाची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला ‘सतरा नंबरचा फॉर्म’. खासगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीला बसता येते. जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून घ्यावी लागते आणि वर्ध्याचे काम नागपूर विभागीय मंडळाकडे जाते. या वाटेत मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी फॉर्म आदल्या वर्षीच भरावा लागतो. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. चौदा वर्षे पूर्ण झाली की दहावीची नोंदणी होते. पाच विषय, पाच वर्षांची मुदत, नऊ संधी आणि वर्षातून दोन परीक्षा, अशी तिची रचना आहे. एका वेळी दोनच विषय द्यायचे असतील तरी चालते. जेईई मेनला पाच विषयांसह एनआयओएसची बारावी चालते. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ‘नीट’पासून दूर ठेवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. दोन्ही वाटांवर दहावी आणि बारावी यांत साधारण दोन वर्षांचे अंतर लागते, आणि नीटसाठी सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. हा हिशेब उलटा मांडला की चौदाव्या वर्षाचे महत्त्व आपोआप कळते.

परीक्षेपेक्षाही जास्त मुले कागदांत अडकतात. वय, राष्ट्रीयत्व व अधिवासाच्या प्रमाणपत्रासाठी राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तो बहुतेक घरांत शाळेच्या दाखल्यातूनच येतो. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमी लेअर ही कामे एरवी कनिष्ठ महाविद्यालयाच्या आठवणीने आणि पत्राने मार्गी लागतात. घरशाळेच्या मुलामागे असे कार्यालय नसते. एनआयओएसमधून नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजात जायचे तर स्थलांतर प्रमाणपत्र हाती हवे. यातले एकही काम कठीण नाही, पण प्रत्येकाला महिने लागतात आणि प्रवेशफेरी कोणासाठी थांबत नाही. तयारीचे असेच. घरी शिकलेले मूल तोंडी उत्तर छान देते, पण तीन तास सलग हाताने लिहिण्याची सवय त्याला नसते. आवडत नाही म्हणून तेराव्या वर्षी गणित सोडले की अभियांत्रिकी तिथेच सुटते. विज्ञान घ्यायचे तर प्रात्यक्षिके करायला प्रयोगशाळा लागते आणि ती स्वयंपाकघरात होत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: शेवटी परीक्षाच द्यायची, तर शाळेने काय घोडे मारले होते? शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस धरतो. घरशाळा तेच दिवस परत मिळवते आणि परीक्षेला दहा-अकरा वर्षांतली दीड-दोन वर्षे देते. हा सौदा तोट्याचा नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हे सुशिक्षित, सवड असलेल्या घरांचे चोचले आहेत. यात तथ्य आहे. ज्या घरातले दोघेही कापूस वेचायला जातात तिथे घरशाळा संभवत नाही. पण सतरा नंबरचा फॉर्म काही हौशी पालकांसाठी निघालेला नाही. लग्नामुळे शाळा सुटलेल्या मुली, मजुरीला गेलेली मुले, नोकरीत बढतीसाठी दहावी हवी असलेले कामगार यांच्यासाठी तो आहे. घरशाळेची कुटुंबे त्यांच्याच रांगेत उभी राहतात. ‘सतरा नंबरवाला’ म्हणजे नापास, हा समज त्यांनी मोडला तर फायदा साऱ्या रांगेचा आहे.

तिसरा आक्षेप कायद्याचा. २००९ चा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानतो, मात्र ते न केल्यास पालकाला शिक्षा सांगत नाही. म्हणजे घरशाळेला उघड मान्यता नाही आणि उघड बंदीही नाही. अशा धूसर जागेत उभ्या असलेल्या माणसाने कागद जास्तच जपावेत. तेव्हा मूल शाळेतून काढताना रागाच्या भरात दाखला तिथेच सोडून येऊ नका. तो घ्या, त्यावरचे नाव, जन्मतारीख आणि जात आधार कार्डाशी व जन्मदाखल्याशी ताडून पाहा, चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त करा आणि एका फाइलीत ठेवा. पुढची चार वर्षे मूल काय शिकेल ते त्याच्यावर आणि तुमच्यावर सोपवता येईल. ती फाइल मात्र तुम्हीच सांभाळायची आहे.