घर स्वतःचे, जमीन परक्याची
इंग्लंडमधील फिरत्या घरांच्या वसाहतींतील शुल्के व कर

घर स्वतःच्या मालकीचे, पण त्याखालची जमीन दुसऱ्याची, अशी व्यवस्था इंग्लंडमधील ‘पार्क होम’ वसाहतींत आढळते. कारखान्यात तयार झालेले घर वाहनावरून आणून वसाहतीतील ठरावीक जागेवर बसविले जाते. कायद्याच्या भाषेत ते ‘फिरते घर’ असले, तरी एकदा बसविलेले घर हलविणे खर्चाचे व जिकिरीचे असल्याने बहुधा ते तेथेच राहते. रहिवाशांत वृद्ध व निवृत्तांचा भरणा मोठा आहे. भाडे वाढले म्हणून घर उचलून दुसरीकडे जाणे त्यांना शक्य नसते. या असहायतेचा गैरफायदा घेतला जाऊ नये, यासाठी तेथील आकारणीला कायद्याचे बंधन घालण्यात आले आहे.

जागाभाडे

रहिवासी जमीनमालकास नियमित जागाभाडे देतो. १९८३ च्या फिरती घरे अधिनियमानुसार कराराच्या अटी लेखी देणे मालकावर बंधनकारक आहे. भाड्याचा फेरविचार वर्षातून एकदाच होतो. वाढ सर्वसाधारणपणे महागाईच्या निर्देशांकाइतकी असावी, असे गृहीत धरले जाते. पूर्वी त्यासाठी किरकोळ किंमत निर्देशांक वापरीत. हा निर्देशांक बहुधा अधिक वेगाने वाढत असल्याने २ जुलै २०२३ पासून त्याऐवजी ग्राहक किंमत निर्देशांक लागू झाला. उदाहरणार्थ, भाडे दरमहा २०० पौंड व निर्देशांकातील वाढ ४ टक्के असल्यास नवे भाडे २०८ पौंड होईल.

वाढीची सूचना विहित नमुन्यात किमान २८ दिवस आधी द्यावी लागते. रहिवाशाची संमती नसल्यास तो जुन्या दरानेच भाडे भरू शकतो. मालकाला वाढ हवी असेल, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. वसाहतीची दुरवस्था झाली असेल, तर तीही भाडे ठरविताना विचारात घेतली जाते.

विक्रीवरील कमिशन

सर्वाधिक वादाचा विषय म्हणजे विक्रीवरील कमिशन. रहिवाशाने आपले घर विकल्यास किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम जमीनमालकास मिळते. घर १ लाख पौंडांना विकले गेले, तर त्यातील १० हजार पौंडांपर्यंतची रक्कम मालकाकडे जाते. घराला जी किंमत येते तीत जागेचाही वाटा असतो व हे उत्पन्न बंद झाल्यास जागाभाडे वाढवावे लागेल, असे मालकांचे म्हणणे. तर आयुष्याची पुंजी घातलेल्या घरातील हा वाटा अन्यायाचा आहे, असे रहिवाशांचे गाऱ्हाणे. कमिशन आजही कायम आहे. मात्र विक्रीस मालकाची मंजुरी घेण्याची जुनी अट २०१३ च्या सुधारणेने सैल झाली. त्यापूर्वी मंजुरी अडवून विक्री मोडण्याचे प्रकार घडत.

कर व सेवाशुल्के

स्थानिक संस्थेचा ‘कौन्सिल टॅक्स’ हा आपल्या घरपट्टीसारखा कर रहिवासी स्वतः भरतो. इंग्लंडमध्ये घरांचे मूल्यानुसार आठ गट असून ही घरे बहुधा सर्वांत खालच्या, म्हणजे ‘अ’ गटात येतात. या गटाचा कर मधल्या ‘ड’ गटाच्या दोनतृतीयांश असतो. कायम वास्तव्याच्या जागेच्या भाड्यावर मूल्यवर्धित कर नाही. घर जंगम मालमत्ता मानले जात असल्याने खरेदीवर जमिनीचे मुद्रांक शुल्कही लागत नाही. मालकाने वीज वा गॅस घेऊन पुढे पुरविल्यास स्वतःला पडलेल्या दरापेक्षा अधिक दर त्याला लावता येत नाही.

अर्थात कागदावरील संरक्षण हे ते जाणणाऱ्याच्याच उपयोगी पडते. घर घेण्यापूर्वी लेखी करार वाचणे, वाढीच्या सूचनेतील निर्देशांक पडताळणे आणि प्रत्येक रकमेची पावती जपणे, ही दक्षता रहिवाशानेच घ्यावयाची असते. ज्याला जागा सोडून जाता येत नाही, त्याच्याकडून किती घ्यावे हे घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, हेच या कायद्याचे सार होय.