मीठ हवे की पाणी?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यात शिरोडा नावाचे गाव आहे. 1930 साली तेथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, हे तुम्ही कदाचित वाचले असेल. आज त्या मिठागराकडे आपण पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहू या.

मिठागरात भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात. ऊन आणि वारा त्याची वाफ करतात. पाणी उडून जाते आणि मीठ खाली राहते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एक किलो क्षार हाती येईपर्यंत 28-29 लिटर पाणी हवेत निघून जाते. आणि हे निघून गेलेले पाणी कसे असते? अगदी गोडे!

एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावरच्या विहिरींचे पाणी खोल जाते, काहींचे मचूळ होते. नेमक्या याच सुट्टीत पर्यटकांची गर्दी होते. मग तुम्ही विचाराल, समोर एवढा समुद्र असताना मीठ टाकून पाणीच का धरू नये? प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठी थोडा हिशेब करू.

वाफेची किंमत

एक लिटर पाणी 30 अंशांपासून 100 अंशांपर्यंत तापवायला 70 किलोकॅलरी उष्णता लागते. पण उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540 किलोकॅलरी लागतात. एकूण 610 किलोकॅलरी, म्हणजे विजेचे सुमारे 0.7 युनिट. हजार लिटरला 700 युनिटे झाली!

सूर्याची उष्णता फुकट मिळते खरी. खाऱ्या पाण्यावर उतरते काचेचे छप्पर घातले, तर काचेच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमून खालच्या पन्हळीत ओघळतात. चिली देशात लास सालिनास येथे 1872 साली असे सौर ऊर्ध्वपातन यंत्र उभारले होते. आपल्याकडे 1978 साली भावनगरच्या संशोधन संस्थेने जवळच्या अवाणिया गावासाठी असेच यंत्र उभारले. अडचण जागेची आहे. एक चौरस मीटर काचेखाली दिवसाला फार तर तीन-चार लिटर पाणी मिळते. समजा, एका हॉटेलात शंभर पाहुणे आहेत आणि प्रत्येकी 150 लिटर पाणी लागते. त्या 15,000 लिटरसाठी एक एकराहून अधिक जागा काचेने झाकावी लागेल!

कैरीची फोड आणि पडदा

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे तुम्ही घरी पाहिले आहे. पेशींच्या पातळ पडद्यातून पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते. याला परासरण म्हणतात. आता खाऱ्या बाजूवर जोराचा दाब दिला तर? पाणी उलट दिशेने, गोड्या बाजूकडे येऊ लागते. हेच व्युत्क्रम परासरण. यासाठी उपयोगी पडणारा कृत्रिम पडदा 1960 च्या सुमारास सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार केला.

समुद्राच्या पाण्याला नुसते थोपवून धरायलाच वातावरणाच्या सुमारे 27 पट दाब लागतो. भरपूर पाणी मिळवायला प्रत्यक्षात 55 ते 70 पट. तरी येथे वाफ करावी लागत नाही, म्हणून हजार लिटरला तीन-चार युनिटे पुरतात. कोठे 700 आणि कोठे चार!

मग काम झाले का? नाही. शंभर लिटर समुद्राच्या पाण्यातून साधारण 40 लिटर गोडे पाणी मिळते. सगळे क्षार उरलेल्या 60 लिटरमध्ये गोळा होतात आणि ते पाणी दीडपटीहून अधिक खारट बनते. ते खाडीच्या कोपऱ्यात सोडले तर मासळीला बाधते, जमिनीत मुरवले तर विहिरींना. शिवाय पंप, पडदे आणि वीज यांचा खर्च कायमचा मागे लागतो.

विहीर मचूळ का होते?

किनाऱ्याजवळच्या सच्छिद्र जमिनीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025, गोड्याची 1. या लहानशा फरकाचा परिणाम मोठा आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत खारे पाणी दाबून ठेवले जाते. आता याची दुसरी बाजू पाहा. पंपाने उपसा करून ही पातळी 10 सेंटिमीटर खाली आणली आणि तशीच ठेवली, तर खारे पाणी हळूहळू चार मीटर वर सरकते! विहीर आटण्यापूर्वीच बिघडते ती अशी. एकदा खारे पाणी शिरले, की ते मागे रेटायला पुष्कळ पाऊस जमिनीत मुरावा लागतो.

आकाशातले यंत्र

खरे म्हणजे समुद्राचे पाणी गोडे करण्याचे सर्वांत मोठे यंत्र आपल्या डोक्यावरच आहे. सूर्य समुद्राची वाफ करतो, सह्याद्री ढगांना अडवतो आणि सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या एका छपरावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या घराला, प्रत्येकी 55 लिटर धरले, तर वर्षाला एक लाख लिटर पुरतात. पण हा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून लगोलग समुद्राला मिळतो. म्हणून टाकी, विहिरीचे पुनर्भरण, पावसाळ्यानंतर ओढ्यांवर घातलेले कच्चे बंधारे ही कामे आधी. पडद्याचे यंत्र त्यानंतर, आणि तेही जेथे दुसरा उपाय नाही तेथे.

तुमचे घर किनाऱ्याजवळ असेल, तर एक काम करा. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारा आणि मोठ्या माणसाला सोबत घेऊन दर रविवारी विहिरीच्या काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजा. वहीत तारीख, खोली आणि पाण्याची चव लिहा. पाऊस सुरू होईपर्यंत नोंदी ठेवल्यात, तर पर्यटकांच्या गर्दीचे आठवडे त्या वहीत दिसतात का, ते तुमचे तुम्हीच ताडून पाहू शकाल.